चिलेबच्या आईचं खिर्रेत

हम्मारच्या पाणथळीत वसंतातलं पाणी चढू लागलं, की मदलूलाचं घरात लक्ष लागायचं नाही. तांदळाची भाकरी थापतानाही तिची नजर दाराबाहेर, पाणकणसांच्या रानाकडे असायची. शेंडे पिवळे पडले का, वारा कुठून सुटलाय, दंव किती पडलंय, हेच तिच्या डोक्यात. पाणकणसाचा पराग कुणासाठी थांबत नाही. जरा आधी कापलं तर हाताला नुसता हिरवा चिकट लगदा लागतो, जरा उशीर झाला तर सगळा माल वाऱ्यावर. मधल्या त्या थोड्या दिवसांत, सकाळचं दंव वाळायच्या आत, खुवेसा गावच्या बायका होड्या काढायच्या आणि विळ्यानं शेंडे कापून टोपल्या भरून आणायच्या. ते शेंडे उन्हात चादरीवर पसरायचे, हातानं चोळायचे, तलम फडक्यातून चाळायचे. खाली उरायची हळदीसारखी पिवळी पिठी. तीत साखर मिसळून, फडक्यात बांधून, उकळत्या भांड्याच्या तोंडावर वाफवली, की पिवळीधमक ढेकळं तयार व्हायची. तेच खिर्रेत. पोरं त्यासाठी आयांच्या मागं मागं फिरायची, आणि चिबायिशच्या बाजारातले मिठाईवाले होडी काठाला लागायच्या आत पुढं यायचे.

खिर्रेत गावातल्या सगळ्याच बायका करायच्या. पण बाजारात गिऱ्हाईक विचारायचं, "चिलेबच्या आईचं आहे का?" नसलं तर तोंड वाकडं करून दुसरं घ्यायचं. चिलेबची आई म्हणजे मदलूलाच. तिच्या आईनं तिला कधी माप शिकवलं नव्हतं. चिमूटभर पिठी जिभेवर ठेवायची, जीभ सांगेल साखर किती, एवढंच तिचं शिक्षण. यंदा पाणी खारं आहे की गोडं, कणसं खोल पाण्यातली की काठाची, हे तिला जिभेवरच कळायचं.

मदलूला या नावाचा अर्थ लाडात वाढलेली. नाव आजोबांनी हौसेनं ठेवलं होतं, पण घरात मुलीच मुली. तिच्या वाट्याला लाड आले ते नावापुरतेच. लहानपणी एका वर्षी पुरानं भात वाहून गेला, म्हशींना रोग आला आणि घरात काही उरलं नाही, तेव्हा तिनं आईबरोबर गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून पाणकणसाची मुळं उपटली होती. ती वाळवून, कुटून त्यांच्या भाकऱ्या केल्या. पुढं कुणी त्या वर्षाचं विचारलं तर ती म्हणायची, "मुळांच्या भाकरीनं पोट भरतं, भूक जात नाही." चांगल्या वर्षी त्याच झाडाचा पांढरा कोवळा गाभा पोरं काकडीसारखा कडाकडा चावायची, पाती म्हशींपुढं पडायची, आणि पिकल्या कणसाचा कापूस उशांत जायचा. कुणी भाजलं-कापलं तर जखमेवरही तोच कापूस.

लग्न होऊन ती शिन्यारच्या घरी आली. शिन्यार कमी बोलणारा. म्हशी राखायचा आणि बोरूच्या चटया विणायचा. त्याच्या वाटचं बोलणं त्याची बहीण बोलायची. तिचं नाव तिस्वाहीन, म्हणजे जिच्यापुढं बाकी साऱ्याजणी फिक्या, आणि आपलं नाव खरं आहे अशी तिची पुरती खात्री होती. ती विधवा होऊन माहेरी परतली होती, शेजारच्याच उंचवट्यावर राहायची, आणि आसपासच्या गावांत कुणी मेलं की विलाप करायला तिलाच बोलावणं यायचं. मेलेल्याला तिनं पाहिलेलं नसलं तरी ती त्याचे असे गुण गायची, की त्याच्याशी भांडण असलेलेही रडायचे.

मदलूलाची पहिली दोन बाळं गेली. एक जन्मल्याबरोबर, दुसरं रांगायला लागल्यावर. तिसऱ्या वेळी मुलगा झाला तेव्हा तिस्वाहीननंच नाव सुचवलं, चिलेब, कुत्र्याचं पिल्लू. नजर लागू नये, मृत्यूच्या दूतालाही किळस येऊन तो दारावरून पुढं जावा, म्हणून तिकडं असलं नाव ठेवतात. धाकटा झाला त्याचं नाव जहेश, गाढवाचं शिंगरू. नावं लागू पडली. पोरं जगली. मदलूला चिलेबची आई झाली, शिन्यार चिलेबचा बाप झाला, आणि त्यांची खरी नावं कुणाच्या फारशी तोंडात राहिली नाहीत.

चिलेब उंच झाला, होडीत उभा राहून काठी रेटायचा तर काठी त्याच्यापुढं ठेंगणी वाटायची. त्याचं लग्न नोफाशी झालं. नोफा चिबायिशच्या एका होड्या बांधणाऱ्याची मुलगी. बाजाराशेजारी वाढलेली, त्यामुळं गावात आली तेव्हा म्हशीचं दूधही तिला काढता येईना. तिस्वाहीन म्हणाली, "वहिनी, सून आणलीस की पाहुणी?" मदलूला म्हणाली, "शिकेल." आणि नोफा शिकली. लग्नाला वर्ष होतंय तोवर सीमेवर लढाई सुरू झाली आणि चिलेबला बोलावणं आलं. भरतीच्या रांगेत त्याचं नाव पुकारलं तेव्हा शहरी पोरं खो खो हसली, असं तो पहिल्या रजेवर आल्यावर सांगत होता. त्यालाही हसू येत होतं. "अधिकारी म्हणाला, तुझ्या बापाला दुसरं नाव सापडलं नाही का? मी म्हटलं, साहेब, चांगली नावं टिकत नाहीत आमच्याकडं."

तो रजेवर तीनदा आला.

त्यानंतरच्या वसंतात एका सकाळी मदलूला घरापुढं चादर पसरून पिठी चाळत बसली होती. नोफा टोपलीतले शेंडे निवडत होती. कालव्यातून एक होडी येताना दिसली, आणि तिच्यात कुणी बोलत नव्हतं. त्या पाण्यात माणसं लांबूनच हाका मारत येतात. होडीत शिन्यारचे दोन चुलतभाऊ होते, एक सैनिक होता, आणि मध्ये झेंड्यात गुंडाळलेली लांब पेटी. सैनिकाला होडीत बसायची सवय नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी काठ घट्ट धरले होते आणि त्याचे बूट पाण्यानं भिजले होते.

नोफानं आधी ओळखलं. तिचा आवाज ऐकून शेजारच्या घरांतून माणसं धावली, शिन्यार गोठ्यातून आला आणि गुडघाभर पाण्यातच थांबला. पेटी वर आणून घरापुढच्या चटईवर ठेवली. उघडायची नाही, असं सैनिकानं चुलतभावाला सांगितलं, आणि चुलतभावानं सगळ्यांना. मदलूला उठली. तिनं पेटीवर हात ठेवला. हात पिवळा होता, लाकडावर पाचही बोटं उमटली. मग ती म्हणाली, "उन्हात नका ठेवू."

पेटी सावलीत सरकवली. वारा सुटला होता. मदलूला माघारी वळली, पिठीच्या चादरीची चारही टोकं उचलून तिनं गाठ मारली, गाठोडं घरात नेऊन ठेवलं आणि परत येऊन पेटीपाशी बसली. एवढंच घडलं. पण त्या गाठोड्याची गोष्ट पुढं पाणथळीभर फिरली.

दुपारी पुरुष पेटी घेऊन दफनासाठी नजफच्या पवित्र कबरस्तानात गेले. बायकांनी मागं राहून रडायचं असतं. गावच्या बैठकीत, बोरूच्या त्या मोठ्या मुधीफमध्ये, कडू कॉफी फिरू लागली, आणि मदलूलाच्या घरात बायका काळे पायघोळ अबे गुंडाळून जमल्या. तिस्वाहीननं सुरुवात केली. भाच्यासाठी ती जीव तोडून रडली. त्यात काही खोटं नव्हतं. त्याची उंची, त्याचं काठी रेटणं, त्याचं हसणं, सगळं तिनं गाण्यात आणलं. बायका छाती पिटत होत्या, नोफाला दोघींनी धरून ठेवलं होतं. मधोमध मदलूला बसली होती आणि तिला ते सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. तिला तहान लागली होती. तहान लागली हे तिला नीट कळत होतं, बाकी काही कळत नव्हतं.

तिस्वाहीन मध्येच थांबली, तिच्याजवळ सरकली. "रड गं बाई," ती हळूच म्हणाली. "बायका बघतायत."

"येत नाही," मदलूला म्हणाली.

"येत नाही म्हणजे? आई आहेस तू त्याची."

"मला माहीत आहे, वन्सं."

तिसऱ्या दिवशी बायका पांगल्या. चौथ्या दिवशी मदलूलानं गाठोडं सोडलं. पिठी ओलसर होऊ लागली होती, आणखी एक दिवस ठेवली असती तर आंबली असती. तिनं ती पुन्हा पसरली, चाळली, चूल पेटवली. शिन्यार नजफहून येऊन सगळ्यांकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून निजला होता. तो वास आल्यावर उठून बसला. पाणकणसाचा पराग वाफवताना एक गोडसर, ओल्या मातीसारखा वास सुटतो. त्यानं बायकोकडं पाहिलं.

साखर घालायच्या वेळी तिनं चिमूट जिभेवर ठेवली. काही लागलं नाही. पुन्हा ठेवली. पीठ असल्याचं कळत होतं, घशाशी चिकटत होतं, पण चव म्हणून काही नव्हतं. नुसती साखर खाऊन पाहिली. वाळू चावल्यासारखी वाटली. तिनं नोफाला हाक मारली.

"बघ गं. पुरे का?"

नोफाचे डोळे सुजलेले होते. आत्ताच, आजच, ही बाई साखरेचं काय विचारते, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. पण तिनं चिमूट घेतली. "थोडी कमी आहे, आत्या."

मदलूलानं थोडी घातली.

ते खिर्रेत बाजारात गेलं तेव्हा लोकांना कळलं ते कधीचं आहे. काहींनी घेतलं नाही. मुलाच्या मयतीत गोड करणारी बाई, असं एकीनं म्हटलं आणि बाकीच्यांनी ते उचललं. कुणी म्हणालं तिला भूतबाधा आहे, कुणी म्हणालं तिचं काळीज आधीच्या दोन बाळांबरोबरच गेलं. तिस्वाहीन बाहेरच्यांशी भांडायची, "माझी वहिनी आहे ती, तोंड सांभाळून बोला," आणि घरी येऊन वहिनीला तेच ऐकवायची. मदलूला दोन्ही ऐकून घ्यायची. तिला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायला हवं, हे तिला समजत होतं. पाय बधिर झाल्यावर आपण बोटानं टोचून पाहतो ना, तशी ती अधूनमधून स्वतःला टोचून पाहायची. त्याचं नाव मनात घ्यायची. त्याची उशी हातात घ्यायची. उशीत कणसाचा कापूस होता, जुना, गठुळलेला. दिवाळं निघालेल्या वाण्याच्या गल्ल्यासारखं आतून काहीच येत नव्हतं. मग ती उशी उन्हात टाकून कामाला लागायची.

काम तिला सुटलं नाही. म्हशी पहाटेच पाण्यात उतरायच्या, संध्याकाळी परतायच्या, त्यांना चारा लागायचाच. पहिल्यासारखीच ती होडीत उभी राहून पाती कापायची, साय जमवायची, चटयांचे बोरू ठेचायची. लोक तिला अजून चिलेबची आई म्हणूनच हाक मारायचे. दुसरं म्हणणार तरी काय? नव्या माणसानं हाक मारली की बाकीचे जरा चपापायचे. ती मात्र ओ द्यायची.

नोफाचं उलट झालं. ती पहिले काही महिने खूप रडली, आजारी पडली, केस गळले. मग हळूहळू तिला भूक लागू लागली. विधवेनं पाळायचे इद्दतीचे दिवस संपले, आणि एका दुपारी म्हशीच्या रेडकानं शिन्यारचं डोकं चाटलं तेव्हा ती मोठ्यानं हसली. हसून तिनं तोंडावर हात दाबला आणि भीतभीत सासूकडं पाहिलं. मदलूलानं पाहिलं होतं. पोरगी हसली, एवढं तिच्या ध्यानात आलं. ती बोरू ठेचत राहिली.

पुढच्या हंगामापर्यंत घरात कुजबुज सुरू झाली. जहेश मोठा होत होता, मिसरूड फुटलं होतं. त्याचं नोफाशी लावून द्यावं, म्हणजे सून घरातच राहील, असं चुलतभावांचं म्हणणं पडलं. पद्धत तशीच होती. भावाच्या माघारी भावानं. धर्माची बाब म्हणून गावच्या सय्यदांनाही विचारलं, त्यांनी होकाराची मान हलवली. शिन्यारचं त्यात हो-नाही काहीच नव्हतं. तिस्वाहीनला तर ते फारच पटलं. ती म्हणाली, चिलेबची वस्तू बाहेर कशाला जाऊ द्यायची? जहेशला कुणी विचारलं नाही. तो त्या दिवसांत घरी कमी आणि होडीत जास्त राहू लागला.

नोफा कापणीच्या सकाळी बोलली. दोघी होडीत होत्या, कणसांच्या दाट रानात, चारी बाजूंनी जणू भिंतच. विळा ओला होता, बोटं पिवळी. नोफानं एकदम विळा खाली ठेवला.

"आत्या, मला ते नको."

"काय नको?"

"जहेशच्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात. त्याला ताप आला की तो माझ्या मांडीवर झोपायचा. मला नवरा म्हणून त्याच्याकडं बघता येणार नाही. तुम्ही म्हणाल तर मी करीन. पण मला ते नको."

मदलूला कापत राहिली. तिच्या आधीच्या आयुष्यात, म्हणजे ती पेटी यायच्या आधी, असं कुणी म्हटलं असतं तर तिचा संताप झाला असता. घराची अब्रू, मुलाची आठवण, लोक काय म्हणतील, सगळं एकदम उसळलं असतं. तिनं ते शोधलं. काही उसळलं नाही. समोर एक बाई बसली होती, तिला एक गोष्ट नको होती. आणि ती ते स्पष्ट सांगत होती. त्यात अवघड असं मदलूलाला काही दिसेना.

"बापाकडं जाशील?"

नोफानं मान डोलावली. ती रडत होती.

"टोपली भरू दे," मदलूला म्हणाली. "वारा सुटायच्या आत."

त्या संध्याकाळी घरात सगळे जमले होते. शिन्यार, दोन चुलतभाऊ, तिस्वाहीन. चहा फिरत होता. बोलणं लग्नाच्या दिवसावर आलं तेव्हा मदलूला चुलीपाशीच बसून म्हणाली, की नोफा तिच्या बापाकडं जाईल. जाताना तिचं जे काही आहे ते घेऊन जाईल. चुलतभावांना आधी वाटलं ही भेटीला पाठवायचं बोलतेय. कळल्यावर ते शिन्यारकडं वळले. बायकोला आवर, असं म्हणाले नाहीत, पण बघण्यात ते होतंच.

शिन्यारनं पेला खाली ठेवला. "चिलेबच्या आई, हे तू विचार करून बोलतेयस?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील काहीतरी. म्हणतातच."

तिस्वाहीनला आता राहवलं नाही. तिनं छातीवर हात मारून घेतला. "बाई की दगड आहेस गं तू? मुलगा गेला तेव्हा डोळ्यातून टिपूस नाही. आता त्याची बायको घराबाहेर काढतेस. त्याचं या घरात काय ठेवणार आहेस, सांग ना. काय ठेवणार आहेस?"

मदलूलानं नणंदेकडं पाहिलं. "मला ठाऊक नाही, वन्सं," ती म्हणाली. "पण ती त्याची होती. तो नाही. आता ती तिची स्वतःची."

मग शिन्यार म्हणाला, "जाऊ दे पोरीला," आणि बाहेर म्हशींकडं निघून गेला. चुलतभावांनी पुढं दोन-चार दिवस अबोला धरला. सय्यदांकडं गोष्ट गेली, तर ते म्हणाले सासरेच मोकळं करत असतील तर माझं काही म्हणणं नाही. जहेश त्या दिवशी संध्याकाळी घरी जेवला आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.

नोफाला पोचवायला मदलूला स्वतः गेली. होडीत नोफाचं अंथरूण, तिची पेटी, तांब्याची कढई आणि त्या वर्षीच्या खिर्रेतचं एक बोचकं होतं. खुल्या पाण्यात आल्यावर दूर चिबायिशची ताडं दिसू लागली. नोफा सारखी मागं वळून बघत होती.

"आत्या, तुम्हाला काय वाटतंय?" तिनं विचारलं.

मदलूला काठी रेटत होती. तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "खांदा दुखतोय," ती म्हणाली.

काठावर नोफाचे भाऊ आले होते. निरोपाच्या वेळी नोफानं तिला अशी मिठी मारली की दोघींचे अबे गुंतले, आणि ते सोडवायलाच वेळ गेला. नोफा रडली, तिची आई रडली. मदलूला उभी राहिली, जितका वेळ उभं राहायला हवं तितका वेळ. मग होडीत बसली. येताना होडी हलकी होती, वारा पाठीशी होता, लवकर पोचली.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते सांगायला फारसं नाही. जहेशलाही लढाईवर बोलावलं, आणि तो परत आला. धड परत आला. शेजाऱ्यांनी आनंदाची हाळी दिली, तिस्वाहीननं साखर उधळली. मदलूलानं त्याला न्हायला पाणी काढून दिलं, मासा भाजला, तो जेवताना समोर बसली. तिला बरं वाटलं असावं. दुसरा मासाही तिनं न मागताच वाढला होता, यावरून तिनं तसं मानलं. जहेशनं पुढं शेजारच्या गावची मुलगी केली. ती पोरगी चुलीशी चांगली होती, पण तिची जीभ तिखटाची. मदलूला तिला साखर चाखायला सांगायची आणि दर खेपेला गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या. शेवटी शिन्यारनंच ते काम घेतलं. आयुष्यभर गप्प राहिलेला माणूस, पण खिर्रेतच्या बाबतीत त्याची जीभ बायकोच्या तोडीची निघाली. चिमूट तोंडात टाकून तो डोळे मिटायचा आणि बोटानं खूण करायचा, अजून, अजून, बस. दोघं असे चुलीच्या दोन बाजूंना बसायचे. त्यांच्यात तेवढंच बोलणं व्हायचं, पण रोज व्हायचं. चिबायिशचे मिठाईवाले पुन्हा होडीची वाट बघू लागले. मयतीच्या गोडाची गोष्ट जुनी झाली, नव्या पोरांना ती ठाऊकही नव्हती.

नोफाचं दुसरं लग्न झालं. नवरा बाजारात दोरखंड विकायचा. एका वसंतात ती लेकीला घेऊन भेटीला आली, तीन-चार वर्षांची गुबगुबीत पोरगी, नाव वबरिया. तिस्वाहीन आता म्हातारी झाली होती, तिनं पोरीला मांडीवर घेऊन मुके घेतले, आणि नोफाशी झालेली जुनी सगळी भांडणं विसरल्यासारखी तिला विचारत बसली, की दोर कुठून आणता, नवरा मारत तर नाही ना. मदलूला अंगणात पिठी चाळत होती. त्या वर्षी कणसं चांगली धरली होती, चादर काठोकाठ पिवळी होती.

पोरगी मांडीवरून निसटली, म्हशीला बघून घाबरली आणि धावत सुटली ती थेट चादरीवरून. मध्ये पाय घसरून पालथी पडली. उठली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पिवळी, आणि वाऱ्यावर एवढा मोठा पिवळा ढग.

"अगं ए अवदसे!" मदलूला किंचाळली. "डोळे फुटले का तुझे? हो बाजूला. नोफा, तुझी पोर आहे की रेडकू? आठ दिवसांचं काम माझं. आठ दिवसांचं!"

पोरगी भोकाड पसरून रडू लागली. नोफा तिला उचलायला धावली. जहेशची बायको दारात आली, शिन्यार चटई विणता विणता थांबला. मदलूला उभी होती, चेहरा लाल, छाती धपापत होती. तिला सगळ्यांचा राग आला होता. पोरीचा, नोफाचा, वाऱ्याचा, कोपऱ्यात बसून हसणाऱ्या नणंदेचा. तिस्वाहीन खरोखरच हसत होती, बोळक्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"हसता काय, वन्सं?" मदलूला तिच्यावरही ओरडली.

राग संध्याकाळपर्यंत टिकला. जेवताना ती कुणाशी बोलली नाही. शिन्यारनं माशाचा चांगला तुकडा तिच्याकडं सरकवला, तो तिनं परत सरकवला. वबरिया मात्र सगळं विसरून तिच्याच शेजारी येऊन बसली, केसांच्या मुळांशी अजून पिवळं होतं. मदलूलानं तिच्याकडं न बघता भाकरीचा मऊ भाग तोडून तिच्या हातात दिला.

सकाळी उठली तेव्हा राग गेला होता. त्याच्या जागी दुसरं काही आलेलं नव्हतं. आत पूर्वीसारखंच शांत, सपाट होतं, पाणी निवळल्यावर असतं तसं. नोफा आणि पोरगी अजून निजलेल्या होत्या. बाहेर दंव दाट पडलं होतं. शिन्यारनं न सांगता होडी काठाला आणून लावली होती आणि तो विळ्याची धार बघत उभा होता.

"सांडलं तेवढं भरून काढायचं तर आजच निघायला हवं," तो म्हणाला.

"पूर्वेच्या रानात चला," ती म्हणाली. "तिकडचा पराग अजून उडाला नसेल."

ती पुढं बसली, त्यानं काठी रेटली. ऊन वर यायच्या आत त्यांनी तीन टोपल्या भरल्या.